सौर युनिटांचं वर्ष ३१ मार्चलाच का संपतं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरावर सोलार बसवलं की लाईट बिल शून्य, अशी जाहिरात गावोगावच्या भिंतींवर आणि आपल्या पेपरातही रोज दिसते. माझ्या घरावर दोन किलोवॉटच्या प्लेटा आहेत, वर्षभराच्या नोंदी वहीत आहेत, आणि बिल शून्य आलेलं नाही. प्लेटा चांगल्या आहेत, ऊनही आपल्याकडे कमी नाही. वर्षाचा हिशोब मांडला तर माझ्या घराला लागणारी वीज आणि माझ्या छतावर तयार होणारी वीज जवळजवळ सारखी आहे. तरी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मला बिल भरावं लागलं, कारण हिवाळ्यात माझ्या खात्यावर जमलेले युनिट ३१ मार्चला पुसले गेले. या तारखेबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीत वाहक होतो. वेबिलावर तिकिटांचे सुरुवातीचे आणि शेवटचे नंबर मांडायचे, फरक काढायचा, पैसे जुळवायचे, यात सगळी नोकरी गेली. त्यामुळे नेट मीटर, म्हणजे घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, लागल्यापासून रोज सकाळी त्याचे आकडे उतरवून घेतो. घरचे हसतात. हसू देत.

राहायला आम्ही भूकंपानंतर वसवलेल्या गावात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातली माळवदाची घरं माणसांवर पडली, आणि पुढे लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. घरं जमिनीच्या हिशोबाने मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, त्याच्या वर ७५०. आमचं २५० चं. हे आकडे मुद्दाम सांगतो आहे, कारण एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळं छत लागतं. आमच्या स्लॅबवर पाण्याची टाकी सोडून दोन किलोवॉट बसले, तेही वायरमनच्या पोराने जागा हाताने मोजून मोजून बसवले. तिसऱ्याला जागाच नाही. अशी २५० फुटांची घरं आमच्या भागात गल्लीगल्लीला आहेत.

आता आधी मंजुरीचं सांगतो, कारण गाडी पहिल्यांदा तिथेच अडते.

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला जास्तीत जास्त ७८,०००. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून करायचा. त्याच महिन्यात केंद्राने विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियमांत दुरुस्ती केली. दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागू नये, तो मंजूरच धरावा. मंजूर भार कमी असेल तर तो गरजेप्रमाणे वाढवून द्यावा. पाच किलोवॉटपर्यंत लाईन किंवा डीपी मजबूत करायची वेळ आली तर तो खर्च वीज कंपनीने सोसावा. आणि काम झाल्यावर मीटर जोडून यंत्रणा चालू करून द्यायची मुदत तीस दिवसांवरून पंधरावर आणली. नियम चांगला आहे. वाचल्यावर मला वाटलं, आता काय, एका महिन्यात लाईट फुकट.

पण आमच्या घराचं लाईट बिल वडिलांच्या नावावर. घर त्यांना मिळालं, मीटर त्यांनी घेतलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली, बिल मात्र त्यांच्याच नावाने येत राहिलं आणि आम्ही ते भरत राहिलो. बिल वेळेवर भरलं तर नाव कुणी विचारत नाही! अनुदान मात्र ग्राहकाच्या नावाच्या बँक खात्यात जमा होतं. म्हणजे आधी नाव बदला. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराचा उतारा, माझ्या नावाने हवा. तो हवा तर वारस नोंद हवी. ती हवी तर दोघा भावांची आणि बहिणीची संमती हवी. एक भाऊ पुण्याला कंपनीत, बहीण उदगीरला दिलेली. भांडण काही नव्हतं. पण ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी काय करायचं? आणि भांडण नसलं तरी, सोलारसाठी सही पाहिजे म्हटल्यावर भावाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "घरावर कर्ज तर काढत नाहीस ना?" त्यात वडिलांचं नाव बिलावर एका स्पेलिंगने, मृत्यू दाखल्यावर दुसऱ्या. या सगळ्यात उन्हाळा गेला.

हे रडगाणं माझ्या एकट्याचं असतं तर पेपरात लिहिलं नसतं. आमच्या गल्लीतली निम्मी बिलं वारलेल्या माणसांच्या नावावर आहेत. पुनर्वसित गावांत हे जास्त होणारच, कारण सगळी घरं एकदमच त्या पिढीच्या नावावर झाली आणि ती पिढी आता एकेक करून जाते आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि वीज कंपनीचा माणूस एका टेबलावर बसवून या ५२ गावांत वारस नोंद आणि मीटरचं नाव बदलण्याची शिबिरं घेतली, तर योजनेच्या शंभर जाहिरातींपेक्षा जास्त काम होईल. दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना हे अशक्य नाही.

पोळ्याच्या सुमारास प्लेटा चढल्या. नेट मीटर लागला दिवाळीनंतर. पंधरा दिवसांच्या नियमाचं काय झालं, तर मीटर शिल्लक नाही, आला की लावू, असं उत्तर मिळायचं. उत्तर देणारा माणूस बिचारा भला होता, त्याच्या हातात मीटर नव्हता हे खरंच. तोवर यंत्रणा बंद ठेवली. हे का, ते वाचकांनी नीट समजून घ्यावं. आपल्याकडचे बरेच साधे इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कोणत्या दिशेने चालली आहे ते बघत नाहीत. घरातून बाहेर गेलेला युनिटही ते घेतलेल्या युनिटातच मिळवतात. म्हणजे सोलार चालू केलं की वीज तुम्ही द्यायची आणि बिलही तुम्हीच भरायचं. "मीटर येईपर्यंत चालू करून घ्या, काही होत नाही," असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. मीटर यायला उशीर झाला तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथे वकील लागत नाही. मंचाने ऐकलं नाही तर वर विद्युत लोकपाल आहेत. वीज कायदा २००३ नेच ही सोय केलेली आहे, पण आमच्याकडे मंच म्हटलं की लोकांना भजनी मंडळ आठवतं.

आणखी एक गोष्ट प्लेटा विकणारे सांगत नाहीत. लाईट गेली की सोलारही बंद पडतं, मग भर दुपारचं ऊन का असेना. बॅटरी नसलेल्या यंत्रणेचा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःच थांबतो. डीपीवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती बरोबरच आहे. पण एप्रिल-मेच्या दुपारी आमच्या फीडरवर लाईट किती वेळ जाते हे आपणास ठाऊक आहे. तेवढा वेळ माझी वीजही तयार होत नाही आणि खात्यात काही जमाही होत नाही. वहीत त्या दिवसांपुढे मी फुली मारतो.

आता त्या तारखेकडे येतो.

नेट मीटरचा हिशोब सोपा आहे, तरी लोक त्यात अडकतात. शेजारी बिल घेऊन माझ्याकडे येतात की मोबाईलवर २४० युनिट दाखवतंय आणि बिलात निर्यात १९५ च, बाकीचे कुणी खाल्ले? कुणी नाही. दिवसा पंखा, फ्रिज, मिक्सर चालला, ते ४५ युनिट घरातल्या घरात वापरले गेले. ते मीटरपर्यंत गेलेच नाहीत. मीटरला दिसतं ते फक्त बाहेर गेलेलं आणि बाहेरून आलेलं. हिवाळ्यातल्या एका महिन्याचा माझा आकडा बघा. निर्यात १९५, रात्रीच्या वापराची आयात ९०, शिल्लक १०५. हे १०५ पुढच्या महिन्यात खात्यावर राहतात. बिलात फक्त स्थिर आकार आणि किरकोळ रक्कम येते. इथवर सगळं छान.

ऑक्टोबर ते मार्च असं दर महिन्याला शंभराच्या आसपास उरतं. आभाळ स्वच्छ, हवा थंड. प्लेटांना ऊन हवं असतं, उष्णता नको असते. तापल्या की त्या कमी वीज देतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी त्यांना मानवतो. घरात त्या दिवसांत पंखासुद्धा लागत नाही.

एप्रिल लागला की सगळं उलटं. पारा चाळीसच्या वर, दोन कूलर, रात्रभर पंखे, मे महिन्यात लेकी आणि नातवंडं. छतावर २५५ युनिट तयार झाले आणि घराने ४३० खाल्ले, म्हणजे १७५ चं बिल. पावसाळ्यात कूलर थांबतात, पण आभाळ भरलेलं असतं. तेव्हाही दरमहा पाऊणशे कमीच पडतात. एप्रिल ते सप्टेंबर मिळून मला साधारण ६६० युनिट कमी पडले. ऑक्टोबर ते मार्च पूर्ण सहा महिने धरले तर सुमारे ६३० उरतात. बघा, किती जुळतं! दोन किलोवॉट या घराला अगदी मापाचे आहेत.

पण महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांत या हिशोबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं धरलं आहे. ३१ मार्चला जे युनिट शिल्लक असतील ते वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खातं शून्यावर येतं. हा दर आपण वीज घेतो त्या दराच्या मानाने कितीतरी कमी असतो. माझे दिवाळीनंतर जमलेले साडेचारशेच्या वर युनिट असे गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कूलरमध्ये पाणी भरलं तेव्हा खात्यावर एक युनिट नव्हता. पास काढावा आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी त्याची मुदत संपावी, तसं हे झालं. शिवाय मेचे १७५ युनिट शंभराच्या टप्प्याच्या वर गेले, म्हणजे वरच्या ७५ युनिटांना महागडा दर लागला. हिवाळ्यातले युनिट शाबूत असते तर तो टप्पा आलाच नसता.

यावर विकणाऱ्यांचं उत्तर तयार असतं, "काका, तीन किलोवॉट टाका, अनुदानही वाढतं." २५० फुटांच्या घराने ते टाकायचे कुठे? आणि ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी टाकले तर काय होतं? उन्हाळा भागतो, पण हिवाळ्यात आणखी जास्त वीज उरते आणि मार्चअखेर ती आणखी जास्त कमी भावात जाते. जास्तीचं कर्ज काढून तयार केलेली वीज. ४५० आणि ७५० फुटांवाले निदान हा सौदा करू शकतात. योजना ज्यांच्यासाठी आहे असं सांगितलं जातं त्या लहान घरांना तोही पर्याय नाही.

वीज कंपनीच्या बाजूनेही बोलायला हवं. दुपारी सगळ्यांचीच सौर वीज एकदम येते, तेव्हा तिला फारशी गरज नसते. आणि संध्याकाळी सात वाजता आम्ही तोच युनिट परत मागतो, जेव्हा तिला वीज महाग पडते. हा मुद्दा खोटा नाही. पण मग ३१ मार्चची तारीख तर कंपनीच्याही कामाची नाही, कारण तीच लोकांना गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवायला लावते आणि दुपारची नको असलेली वीज वाढवते. ज्याला दोन पुरतात त्याला दोनच बसवू द्या, त्याचे हिवाळ्यातले युनिट उन्हाळ्यात परत द्या. तारांचा आणि डीपीचा खर्च आम्ही स्थिर आकारात भरतोच, बिल शून्य युनिटांचं असलं तरी भरतो.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की घरगुती छतांसाठी हे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर करावं. हिशोब मार्चअखेरच करायचा असतो, असं कुणी म्हणेल. साखर कारखान्यांचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर मोजला जातो, कारण ऊस तेव्हा गाळतात. तलाठ्याचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, कारण पेरण्या तेव्हा झालेल्या असतात. सरकारदरबारी कामाप्रमाणे वर्ष बदलायची पद्धत जुनीच आहे. सूर्याचं काम कोणत्या महिन्यात जास्त असतं आणि आमच्या कूलरचं कोणत्या, हे आयोगाला आपल्याच बिलांच्या आकड्यांवरून काढता येईल. कोकणात कदाचित वेगळं निघेल. तिथला उन्हाळा आणि पाऊस मला माहीत नाही, मी लातूर-तुळजापूर-सोलापूर मार्गाचा माणूस.

तारीख बदलायला वेळ लागणार असेल तर तोवर एवढं तरी करावं की मार्चअखेरची शिल्लक सप्टेंबरपर्यंत वापरायला द्यावी आणि त्यानंतर उरेल ती त्याच दराने विकत घ्यावी. कंपनीला त्यात काही जादा द्यावं लागत नाही. माझ्यासारख्याच्या खात्यावर सप्टेंबरात उरणार तरी काय?

आयोग विनियम बदलताना लोकांकडून लेखी हरकती आणि सूचना मागवतो, जाहीर सुनावण्याही घेतो. तिथे मोठे उद्योग आणि त्यांचे सल्लागार बोलतात. छतावर दोन किलोवॉट असणारा माणूस कुणी जात नाही. पुढच्या वेळी सूचना मागवल्या की मी माझ्या वहीच्या बारा महिन्यांच्या पानांच्या झेरॉक्स जोडून पाठवणार आहे. मराठवाड्यातल्या ज्या वाचकांच्या घरी नेट मीटर आहे त्यांनी मार्चच्या आणि मेच्या बिलातली आयात, निर्यात आणि शिल्लक हे तीन आकडे लिहून ठेवावेत आणि आपणही पाठवावेत. ज्यांचं अजून बसायचं आहे त्यांनी प्लेटांचा भाव विचारण्याआधी लाईट बिलावर नाव कुणाचं आहे ते बघावं.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी वाहक, जि. लातूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)